दसऱ्यापासून गळणारी गाडी

धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा, असा संपादकांचा निरोप आला. फराळाबरोबर वाचायला हलकंफुलकं हवं, असंही ते म्हणाले. प्रयत्न करतो. पण आधीच सांगून ठेवतो, मला हलकंफुलकं लिहायची सवय नाही. आजवर मी लिहिली ती फक्त पत्रकं. पत्रकाच्या पहिल्या ओळीत ‘बंधुभगिनींनो’ असतं आणि शेवटच्या ओळीत ‘उठा’. मधे गमतीला जागा कमीच.

लोक मला मोटारसायकलचा मेकॅनिक समजतात. मी मेकॅनिक होतो. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपात होतो, काचेची केबिन, आत सूट घातलेला साहेब, बाहेर आम्ही. आता माझा धंदा वेगळा आहे. गाडीवाल्याला त्याच्याच दारात, त्याच्याच हातांनी गाडी दुरुस्त करायला लावणं, हा माझा धंदा. राहतो घाटकोपरला. मुलुंड, अंधेरी, बोरिवली, जिथून निरोप येईल तिथे जातो. खांद्याला मिलिटरीच्या लिलावातली खाकी पिशवी, तिच्यात पाने, डिसमिस, हातोडी आणि जाड खाकी कागद. पिशवी मी आणायची, पान्याला हात मालकानं लावायचा. मी बाजूला उभा राहून सांगतो, ओरडतो, प्रसंगी हात जोडतो. पण बोल्ट फिरवत नाही. काहींना हा आळस वाटतो. वाटो. मी बोल्ट फिरवला तर पुढल्या वेळी पुन्हा माझीच वाट बघत बसाल. मग वर्कशॉपात आणि माझ्यात फरक काय राहिला?

या धंद्यात मी पत्रकामुळेच पडलो. वर्कशॉपात रोज एक तरी गाडी यायची, तक्रार एकच: तेल गळतं. साहेब लांबूनच बघायचे आणि म्हणायचे, “इंजिन उतरवावं लागेल.” नव्वद वेळा तरी मी मनात म्हटलं असेल, अहो, एक झाकण खोला, खालचा कागद बदला, तासाभराचं काम आहे. एकदा मोठ्याने म्हटलं. मग एका रविवारी घरी बसून पत्रक लिहिलं, ‘तेल गळतंय? घाबरू नका!’, आणि अंधेरीच्या पेट्रोल पंपावर उभा राहून वाटलं. सोमवारी साहेबांच्या टेबलावर ते पोचलेलं होतं. साहेब म्हणाले, “फाड.” मी म्हटलं, “छापलंय ते खरं आहे की खोटं, तेवढं सांगा. खोटं असेल तर फाडतो.” त्यांनी ते सांगितलं नाही. मी फाडलं नाही. संध्याकाळी मी पिशवी घेऊन बाहेर होतो. शेजारच्या बाकड्यावर काम करणारा माझा दोस्त तेव्हापासून रस्त्यात भेटला तर मान वळवतो. त्याला वाटतं, मी त्यांच्या पोटावर पाय दिला. याचं वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही.

बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगतो. इंजिन म्हणजे काही अखंड लोखंडाचा गोळा नव्हे. तुकडे जोडून केलेलं असतं. जिथे दोन तुकडे एकमेकांना टेकतात तिथे मधे कागदाचं पातळ पॅकिंग असतं. पॅकिंग फाटलं किंवा कुणी बोल्ट पिळून पिळून झाकण वाकवलं की तेल बाहेर डोकावतं. बस्स. एवढ्यासाठी इंजिन उतरवणं म्हणजे खोकल्यासाठी छाती फाडणं.

पण लोक काय काय करतात! अंधेरीच्या एका विमा एजंटाने गाडीखाली पितळी परात ठेवली होती. रोज सकाळी परातीतलं तेल पुन्हा तेलाच्या टाकीत ओतायचे आणि मला अभिमानाने म्हणायचे, “वाया काही जात नाही.” मुलुंडच्या एका मास्तरांनी झाकणाच्या कडेला कपड्यांचा साबण थापला होता. साबण पेट्रोलच्या टाकीला काही दिवस चालतो, गरम तेलापुढे त्याचा फेस होतो. मास्तरांची गाडी भाईंदरला पोचेपर्यंत फेसाने न्हालेली. आणि माहुलला, रिफायनरीच्या बांधकामावर मुकादम असलेल्या एका गृहस्थाने तर मला वाटेलाच लावलं: “इथे पाइप भरभरून तेल येणार आहे रे, आणि तू माझ्या गाडीचा थेंब घेऊन बसलायस?” मी म्हटलं, “त्या पाइपाचं झाकण तुम्हीच बसवणार ना? म्हणून तर काळजी वाटते.”

आता बोरिवलीची गोष्ट.

घोडबंदर रोडपासून जरा आत एक बैठी चाळ आहे. मधे शेणाने सारवलेलं अंगण, अंगणाच्या उताराला विहीर. तिथे इंदूताई परुळेकर राहतात. इंदूताई नर्स. दवाखान्याची नोकरी संपली की बोलावणं येईल तिथे बाळंतपणाला जातात, अगदी दहिसरच्या नदीपलीकडच्या पाड्यांपर्यंत. त्यांचे यजमान वसंतराव कचेरीत कारकून. इतका मवाळ माणूस की कंडक्टरकडे सुटे मागतानाही ‘माफ करा’ म्हणेल. या वसंतरावांकडे साइडकार लावलेली जुनी मिलिटरी मोटारसायकल आहे. कचेरीतून आले की ते बायकोला साइडकारमध्ये बसवतात, तिच्या मांडीवर बॅग देतात आणि अंधारातल्या कच्च्या रस्त्यांनी नेतात. नदीपलीकडे दुसरी कुठली मोटार जात नाही.

ही गाडी गळू लागली. अंगणात काळा डाग, डागाचा ओघळ, आणि एके दिवशी विहिरीच्या पाण्यावर तवंग. चाळमालक नानासाहेबांनी हुकूम सोडला: नरकचतुर्दशीच्या पहाटे गाडी अंगणात दिसता कामा नये, दिसली तर गड्यांकडून रस्त्यावर लोटून देईन. रस्त्यावर ठेवलेल्या गाडीची सकाळपर्यंत चाकंसुद्धा उरत नाहीत. म्हणजे गाडी विकायची. म्हणजे नदीपलीकडे जाणं बंद. आणि त्याच दिवाळीत पलीकडच्या पाड्यावरची एक पहिलटकरीण बाळंत व्हायची होती. मूल आडवं आहे, असं इंदूताईंना हाताला लागलं होतं.

शहरातल्या त्याच माझ्या जुन्या वर्कशॉपात गाडी आधी नेऊन झाली होती. त्यांनी बोल्ट पिळले, वर शेलॅकची चिकट लाख फासली आणि सांगितलं, इंजिन उतरवावं लागेल, दिवाळीनंतर आणा. तेव्हा कुणीतरी इंदूताईंच्या हातात माझं पत्रक ठेवलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी मी पोचलो. वसंतरावांच्या हातात पाना दिला तर त्यांनी तो मलाच परत केला. “नको हो, अजून बिघडलं म्हणजे?” इंदूताईंनी पदर खोचला. “इकडे द्या. मी याहून नाजूक जागी हात घालते.”

आणि खरंच, असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. आधी घासलेटने इंजिन पुसून कोरडं केलं. मग मी म्हटलं, “पावडर आहे का? अंगाला लावायची?” त्यांनी बॅगेतून बाळांची पावडर काढली. सगळ्या जोडांवर ती भुरभुरवली आणि गाडी जागच्या जागी चालू केली. पांढऱ्यावर पहिला काळा ठिपका जिथे उमटतो, तिथे गळती. उजव्या बाजूच्या झाकणाच्या खालच्या कडेला उमटला. इंदूताईंनी झाकण खोललं, निघालेला प्रत्येक बोल्ट आपल्या इनॅमलच्या ट्रेमध्ये ज्या जागचा त्या जागी मांडला. आतलं पॅकिंग शेलॅकमध्ये चिकटून चिंध्या झालेलं. शेलॅक खरवडलं, झाकण काचेवर घासून सपाट केलं.

नवं पॅकिंग कापायची रीत सोपी आहे. झाकणावर खाकी कागद ठेवायचा आणि कडेकडेने हातोडीच्या गोल बाजूने हलकं टकटक करायचं. झाकणाची धारच कागद कापते. हलकं म्हणजे दारावर टिचकी मारावी तसं. हे चाललं होतं तेवढ्यात नानासाहेब आले. धोतराचा सोगा हातात, मागे गडी.

“हे काय चाललंय?”

“दुरुस्ती,” मी म्हटलं.

“अंगणात कारखाना चालणार नाही, हे मी बजावलंय.”

“कारखान्यात मालक असतो, मजूर असतात. इथे बायको नवऱ्याच्या गाडीचं झाकण बसवतेय. याला घरकाम म्हणतात.”

“तू कोण रे? पुढारी?”

“नाही. पत्रक देऊ का?”

चाळीच्या दारादारांतून बायका बाहेर आल्या. त्यांत खोतकाकू होत्या, विहिरीला सगळ्यांत जवळची खोली त्यांची. त्यांचा राग नानासाहेबांपेक्षा खरा होता. “नर्सबाय, तू माका आवडतंस, पण माझ्या कळशीत तेलाचो तवंग इलो तो मी डोळ्यांनी बघलंय. त्याचा काय?”

विहिरीचा मुद्दा खराच होता. इंदूताई उठल्या, हात पुसले. “काकू, बरोबर आहे तुमचं. नानासाहेब, ऐका. नरकचतुर्दशीला पहाटे मी इथे पांढरी रांगोळी घालते. तिच्यावर गाडी उभी करू. एक काळा ठिपका पडला तर मी स्वतः ती ढकलत फाटकाबाहेर नेईन.”

“सगळ्यांसमोर बोललात, लक्षात ठेवा.”

“आणि नाही पडला तर?” मी विचारलं. “तर ही जागा गाडीची?”

नानासाहेब काहीच बोलले नाहीत.

“गप ऱ्हवलो, म्हणजे कबूल,” खोतकाकूंनी निकाल दिला.

मी आणखी एक अट घातली. गार गाडी गळत नाही, ती कुणीही उभी करून दाखवील. दहिसर नाक्यापर्यंत जाऊन यायचं आणि तापलेली गाडी रांगोळीवर लावायची. वसंतरावांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी नक्की कोणाच्या बाजूचा आहे, ते त्यांना कळेना.

पॅकिंगला शेलॅक नाही, नुसतं तेलाचं बोट. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत. “पिळू नका,” मी दर फेरीला ओरडत होतो. इंदूताई शेवटी वैतागल्या: “अहो, मी काय कपडे धुतेय?” झाकण बसलं. वसंतराव गाडी घेऊन नाक्याला गेले आणि परत आले. नवा जोड कोरडा ठणठणीत.

आणि सिलिंडरच्या बुडाशी, जिथे सकाळी एक थेंब नव्हता, तिथून तेल वाहत होतं.

गडी हसला. नानासाहेब खाटेवर बसून पान लावत होते, त्यांनी मान वर केली. “काय झालं पुढारी? क्रांती गळाली?” चाळीत खसखस पिकली. मला अशा वेळी भाषण सुचतं, पण तेलाला भाषण कळत नाही.

मी खाली बसून बघत राहिलो. एक जोड बंद केला तर तेल दुसरीकडून आलं. म्हणजे जोड बिघडलेले नाहीत. आतून कोणीतरी ढकलतंय. मग मी तो प्रश्न विचारला, जो वर्कशॉपातल्या साहेबांनी विचारला नव्हता, आणि मी सकाळी आल्याआल्या विचारायला हवा होता.

“वसंतराव, हे कधीपासून?”

“दसऱ्यापासून.”

“दसऱ्याला काय केलंत?”

“पूजा.” ते खुलले. “दर वर्षी करतो. यंदा जरा थाटात केली. इंजिनाला चंदेरी रंग दिला, झेंडूचा हार, खाली पाटावर कोरा पंचा अंथरला. आणि ते... खालची ती नळी आहे ना, बारीकशी, तिच्यातून पूजेच्या आधी पंच्यावर थेंब पडला. शुभ दिवशी पंच्यावर काळा डाग, बरं दिसेना. म्हणून मेण भरून बुजवली आणि वरून रंग मारला. अगदी कळतसुद्धा नाही, बघा.”

खरंच कळत नव्हतं. वर्कशॉपालाही कळलं नव्हतं. मी अंगणात पाठीवर आडवा झालो आणि बोटाने चाचपत गेलो. चंदेरी रंगाखाली नळीचं तोंड होतं, गुळगुळीत बंद.

इंजिन श्वास घेतं, असं म्हटलं तरी चालेल. दट्ट्या खाली येतो तेव्हा खालची हवा दाबली जाते. ती बाहेर जावी म्हणून ही नळी असते. हवेबरोबर थोडी तेलाची वाफ येते, कधी थेंब. तो थेंब म्हणजे गळती नव्हे. ती वाट बंद केली की हवा तेलाला पुढे घालते आणि सापडेल त्या जोडातून बाहेर काढते. मी हे अर्धं सांगतोय तोवर इंदूताईंना कळलं. त्या म्हणाल्या, “आत पू कोंडला की कुठून तरी फुटणारच. वरून कितीही मलम लावा.”

“म्हणजे मीच?” वसंतराव पांढरे पडले. “पूजा करून मीच?”

“पूजेनं नाही हो,” इंदूताई म्हणाल्या, “बुचानं.” आणि टाके उसवायच्या बारीक चिमट्याने त्यांनी मेण ओढून काढलं. नळीला रबराचा तुकडा जोडून तोंड मागे साखळीवर नेलं. पडलाच थेंब तर साखळीला तेलपाणी. सिलिंडरच्या बुडाचे बोल्ट जेमतेम एकेक चिमूट आवळले. पावडर पुन्हा भुरभुरवली. वसंतराव पुन्हा नाक्याला जाऊन आले. पावडर पांढरी ती पांढरीच. मी आलो म्हणून नव्हे, इंदूताईंनी स्वतः हात घातला म्हणून.

मग नरकचतुर्दशी आली. त्या पहाटे आईने उटणं लावून ओढत न्हाणीत नेलं, “सणाच्या दिवशीसुद्धा लोकांच्या गाड्या!” असं म्हणत. मी ओल्या डोक्याने घाटकोपरहून निघालो. पोचलो तेव्हा उजाडत होतं. सारवलेल्या अंगणात, बरोबर गाडीच्या जागी, इंदूताईंची रांगोळी. रंग नाही, नुसती पांढरी, भरगच्च, जणू पीठ चाळलंय. सगळी चाळ नवे कपडे घालून उभी. वसंतराव नाक्यावरून आले, गाडी रांगोळीवर लावली, इंजिन बंद केलं. तापलेलं लोखंड टकटक वाजत होतं.

नानासाहेबांनी वेळ घेतला. आधी पान लावून खाल्लं. मग धोतर सावरून गुडघ्यांवर बसले आणि इंजिनखाली डोकं घातलं. बराच वेळ डोकं बाहेर येईना. बाहेर आलं तेव्हा कपाळाला रांगोळी लागली होती.

“काय मालक, काय दिसला?” खोतकाकूंनी विचारलं.

“आज नाही पडला. उद्या पडेल.” ते उठले. “आणि शिवाय, आवाज फार करते ही. जागेचं मी काही कबूल केलेलं नाही. गाडी आजच बाहेर जाणार.”

बघा, बंधुभगिनींनो. थेंबाचं निमित्त संपलं की आवाजाचं निघतं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं लांबलचक. ते देण्याआधी फाटकातून एक माणूस सायकल टाकून धावत आला. नदीपलीकडचा, पहिलटकरणीचा दीर. “बाई, चला! पहाटेपासून कळा सुटल्यात.”

इंदूताईंनी बॅग उचलली आणि साइडकारमध्ये बसल्या. वसंतरावांनी किक मारली. नानासाहेब फाटकात जाऊन उभे राहिले होते, हात मागे बांधून. हटेनात.

वसंतरावांनी भोंगा दाबला. त्या माणसाला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्यांनी भोंग्यावरचा हात काढला नाही. “नानासाहेब,” ते भोंग्यावरून ओरडले, “गाडी बाहेर पाहिजे होती ना? मग बाजूला व्हा!”

नानासाहेब बाजूला झाले.

अंगणात रांगोळी विस्कटली होती. चाकांचे दोन पट्टे तिच्यातून फाटकापर्यंत गेले होते, आणि काळा ठिपका कुठेही नव्हता. खोतकाकू घरातून रांगोळीचा डबा घेऊन आल्या. विस्कटलेलं पुसलं, ठिपके मांडायला बसल्या. दोन्ही पट्टे त्यांनी तसेच मोकळे सोडले.

“काकू, मधे ही जागा कसली सोडलीत?” नानासाहेबांनी विचारलं.

“गाडयेची,” खोतकाकू म्हणाल्या. मान वर न करता.

मी दुपारपर्यंत थांबलो. काकूंनी फराळाचं ताट दिलं, मी ते विहिरीच्या काठावर बसून खाल्लं. उन्हं कलायच्या आधी फाटकाशी आवाज आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. मूल वळवायला तासभर लागला, म्हणाल्या इंदूताई, आणि वेळेत पोचलो नसतो तर दोघी हाती लागल्या नसत्या. वसंतरावांनी गाडी त्या दोन पट्ट्यांवरून आत घेतली, इतकी हळू, इतकी नेमकी, की रांगोळीचा एक ठिपका हलला नाही.